कंगवेवाल्यांच्या गल्लीत ओतलेलं पाणी

वाचून हसलात तरी मला राग नाही. सहा वर्षं मीही हसतच होतो.

पण पुढे जे सांगतोय ते ऐकीव नाही. ते माझ्या घरात घडलंय. अजून घडतंय.

गेल्या वर्षीचा ऑगस्ट. तेरा तारीख, मंगळवार. दुपारचे सव्वाचार वाजले होते. जागा... मोरोक्कोतल्या फेझ शहरातलं मेल्लाह, म्हणजे आमची ज्यूंची जुनी वस्ती. तिथली कंगवेवाल्यांची गल्ली.

माझं नाव मेसोद. जन्म इथलाच. आमच्यातले आता इतके थोडे उरलेत की एकाला सर्दी झाली की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. पर्यटकांना मेल्लाह पायी फिरवून दाखवणं हा माझा धंदा. आठवड्याला चार गट. मी बोलतो बरा, आणि खोटं बोलतो त्याहून बरा.

घरी आम्ही दोघंच. मी आणि मावशी. नव्या शहरात तिसऱ्या मजल्यावर राहतो.

मावशीचं नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मावशीने मला वाढवलं. त्याच सुमारास मेल्लाह रिकामं होत होतं. शेजारणी एकेक करून देश सोडून गेल्या. मावशीचंही तिकीट आलं होतं. निघायच्या दिवशी मला ताप भरला. "पोराला बरं वाटू दे, मग बघू," म्हणून ती थांबली.

ताप दोन दिवसांत उतरला. मावशी इथेच राहिली.

आज ती चौऱ्याऐंशीची आहे आणि मी चोपन्न वर्षांचा घोडा. तरी ती मला "पोरगा"च म्हणते. जगात मला दुसरं कुणी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता माझं पाप सांगतो.

आमच्यात एक रीत होती. कुणाच्या घरी मयत झाली की ते तोंडाने सांगायचं नाही. त्या घरातलं भरलेलं सगळं पाणी दारात ओतायचं. उजवीकडची तीन घरं ओतायची, डावीकडची तीन घरं ओतायची. मृत्यूचा दूत आपली सुरी घरातल्या पाण्यात धुतो, म्हणून ते पाणी कुणी प्यायचं नाही. बाजारातून येणारा माणूस ओली गल्ली बघायचा आणि समजायचा... कुणीतरी गेलं.

पर्यटकांना ही रीत फार आवडायची. मग मी काय करायचो? एका बंद दारापाशी सगळ्यांना थांबवायचो. आवाज खाली आणायचो. आणि हातातली पाण्याची बाटली त्या उंबऱ्यावर सावकाश रिकामी करायचो.

बायका तोंडावर हात ठेवायच्या. फोटो निघायचे. बक्षिसी चांगली मिळायची.

ते दार मावशीचं होतं. मी चार वर्षांचा असेपर्यंत आम्ही तिथेच राहायचो. दुसरं एखादं दार निवडता आलं असतं. पण त्या उंबऱ्याचा दगड मधे झिजलेला होता, त्यामुळे पाणी दोन धारांनी खाली यायचं. फोटोत छान दिसायचं. एवढंच कारण, शपथेवर सांगतो.

मावशीला ह्यातलं काही माहीत नव्हतं. तिने मेल्लाहमध्ये पाऊल टाकून तीस वर्षं झाली होती.

गल्लीच्या तोंडाशी लाहसनकाकांचं शिंप्याचं दुकान आहे. मुसलमान माणूस, पण आमच्या रिती आमच्यापेक्षा त्यांना जास्त पाठ. त्या मंगळवारी मी नऊ जणांचा गट घेऊन आलो, तेव्हा त्यांनी मशीन चालवता चालवताच विचारलं,

"काय मेसोद, आज कुणाला मारणार?"

"तुम्हालाच मारतो काका. शिवलेली विजार अजून मिळाली नाही."

"हस बाबा. पण जिवंत माणसाच्या दारात पाणी ओतू नये रे. माझी आई सांगायची."

"तुमची आई माझ्या गटात नाही ना."

काका हसले नाहीत. मशीन खडखडत राहिलं.

आम्ही आत गेलो. त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. नळाला फक्त सकाळी पाणी यायचं. गल्लीतले दगड तापले होते आणि धूळ घोट्यापर्यंत उडत होती. मावशीच्या घराच्या दोन्ही बाजूंची घरं रिकामी. उजवीकडच्या पहिल्या घराचं दार विटांनी बुजवलेलं. त्याच्या पलीकडचं छत पडून आत अंजिराचं झाड वाढलेलं. डावीकडे गादीवाल्याने कापूस भरून ठेवलेला, आणि बाकीच्यांना तर वर्षानुवर्षं कुलूप.

मी गोष्ट सांगितली. बाटली वाकडी केली. पाणी दोन धारांनी खाली आलं.

आणि...

लाहसनकाकांचं मशीन थांबलं.

मी मान वळवली. गल्लीत एकदम काहीच ऐकू येईना. कबुतरं नाहीत, कुणाचा रेडिओ नाही.

मग उजवीकडून आवाज आला. घळघळ... रांजण आडवा केल्यावर येतो तसा.

विटांनी बुजवलेल्या दाराखालून पाणी बाहेर येत होतं.

माझ्या हातात रिकामी बाटली तशीच राहिली. पुन्हा आवाज आला. आता अंजिराच्या झाडाच्या घरातून. मग त्याच्या पुढच्या. मग डावीकडे... कापसाच्या घरातून. कोरड्या ठाक कापसाच्या ढिगाखालून पाणी आलं आणि धुळीत वाट काढत माझ्या बुटांपर्यंत पोचलं.

एक, दोन, तीन. एक, दोन, तीन.

सहाच्या सहा घरांनी पाणी ओतलं होतं.

त्या पाण्याला एक वास होता. जुन्या काळी रांजणाला आतून डांबराचं तेल लावायचे, त्याचा कडवट वास. मी तो लहानपणी शेवटचा घेतला होता. आता तसे रांजण कुणाकडेही नाहीत.



आणि माझ्या मागे... टाळ्या वाजल्या.

गटाला वाटलं, हा खेळाचाच भाग आहे. कुणी "वा!" म्हणालं. कुणी पाण्यात बोट बुडवून वास घेतला. मादाम ब्युसे म्हणून फ्रान्सहून आलेल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या कौतुकाने माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या,

"फारच सुंदर बसवलंय तुम्ही. आत माणसं लपवून ठेवलीत ना? आणि वरच्या त्या बायका?"

"कुठल्या बायका?"

"वरून हाका मारत होत्या त्या. कुणाला बोलावत होत्या?"

आणि मादामनी एक नाव घेतलं.

त्यांच्या फ्रेंच जिभेवर ते जरा वाकडं झालं. पण ते मावशीचं नाव होतं. मी ते कुठल्याही गटासमोर कधी उच्चारलेलं नाही.

गट तिथेच सोडून मी गल्लीबाहेर धावलो. लाहसनकाका दुकानाच्या दारात उभे होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते फक्त एवढंच म्हणाले, "घरी जा."

मी फोन लावला. एक रिंग. दोन. पाच. सात...

"काय रे?" मावशी खेकसली. "झोपमोड केलीस."

मी भिंतीला टेकलो. रडू आलं मला. "बरी आहेस ना मावशी?"

"मला काय धाड भरलीय?" मग फोनवर पेला उचलल्याचा आवाज आला. तिचा आवाज बदलला. "मेसोद... घरातलं पाणी तू ओतलंस का?"

"नाही."

"मग कोण गेलं रे?"

घरी पोचलो तेव्हा जिन्याच्या शेवटच्या चार पायऱ्या ओल्या होत्या. तोच डांबराचा वास. आत मावशी स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. तिने सगळी भांडी ओट्यावर मांडून ठेवली होती. किटली रिकामी. फ्रिजमधल्या बाटल्या रिकाम्या, झाकणं मात्र घट्ट लावलेली. तिची कवळी ठेवायचा पेलासुद्धा कोरडा होता.

"कवळीचं पाणी कोण पितं रे मेलं?" ती म्हणाली.

मी सगळं सांगून टाकलं. सहा वर्षांचं.

मावशीने आयुष्यात माझ्यावर हात उगारला नव्हता. त्या दिवशी उगारला. थोबाडीत इतकी जोरात बसली की कान वाजला.

"मला माझ्याच दारात मारलंस! आठवड्यातून चार वेळा!"

"मावशी, चुकलं. नाटक होतं ते..."

"नाटक तुझ्यासाठी. त्या बिचाऱ्यांना कुठून कळणार? सहा वर्षं तू सांगतोयस, ही मेली, ही मेली. शेवटी खरं वाटलं त्यांना."

"कुणाला?"

"हनीनाला. सोलिकाला. पलीकडच्या याकूतला." जणू भाजीवालीबद्दल सांगत असावी, इतक्या सरळपणे ती म्हणाली. "ओतलंच असणार त्यांनी. शेजारी आहेत माझ्या."

"मावशी, त्या कधीच गेल्या. सोलिका तर पॅरिसला वारली. तूच पत्र वाचून रडली होतीस."

"मेल्या म्हणून शेजारधर्म सुटतो होय?"



त्याच रात्री मी आमचे धर्मगुरू रब्बी अमराम यांना फोन केला. नव्वदीचे आहेत, ऐकू कमी येतं, पण हे त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सांगितलेलं मरण परत घेता येत नाही बाळा. पण ज्या नावाने सांगितलं, ते नाव काढून टाकता येतं."

ही पण आमच्यातली रीत. माणूस फार आजारी पडला की त्याचं नाव बदलायचं. दूत जुन्या नावाने शोधत येतो, त्या नावाचं कुणी सापडत नाही, आणि तो परत जातो.

त्यासाठी दहा पुरुष लागतात. ह्या शहरात दहा ज्यू पुरुष गोळा करणं म्हणजे दिवसा चांदण्या मोजण्यातला प्रकार. एकाचा गुडघा, एकाचं दुकान, एकजण मुलीकडे रबातला. मी सगळ्यांच्या दारात जाऊन हात जोडले. शनिवारी सकाळी दहा जण जमले. दहावा चाकाच्या खुर्चीतून आला.

मावशी मात्र कुरकुरत होती. "चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, आणि आता बारसं करताय माझं? पाळणा कुठंय?"

रब्बींनी प्रार्थना म्हटली. नवं नाव ठेवलं, हाया. त्याचा अर्थ जिवंत असलेली. मग मावशीजवळ वाकून ते म्हणाले,

"हाया, नीट ऐक. जुन्या नावाने कुणीही हाक मारली, तरी ओ द्यायची नाही. कुणीही, समजलं?"

मावशी म्हणाली, "समजलं. बहिरी नाही मी, तुम्ही आहात."

सगळे हसले. मीही हसलो. वाटलं, सुटलो.

तीन आठवडे काही झालं नाही. कंगवेवाल्यांची गल्ली मी कायमची सोडली होती. गटांना दुसरीकडून नेत होतो. मावशी जेवत होती, भांडत होती, टीव्हीवर ओरडत होती.

मग एका दुपारी मी घरीच होतो. मावशी खुर्चीत बसून मटार सोलत होती. सव्वाचार झाले.

जिन्यात कुणीतरी हाक मारली.

जुन्या नावाने.

बाईचा आवाज. जवळचा, रोजचा, जरा हसरा. "अगं ए... चल ना गं! भट्टी विझेल. पाव भाजायचा नाही का?"

मेल्लाहमध्ये कुणाच्याच घरी भट्टी नव्हती. दुपारी सगळ्या बायका पिठाचे गोळे फळीवर घेऊन गल्लीच्या भट्टीवर जायच्या. जाताना एकमेकींना अशाच हाका मारायच्या.

मी झटक्यात दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. चार पायऱ्या ओल्या होत्या.

मागे वळून पाहिलं. मावशीने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते. मटार जमिनीवर सांडले होते. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी तिला जवळ घेतलं. "घाबरू नकोस मावशी. मी आहे."

तिने मान हलवली. बऱ्याच वेळाने हात खाली घेतले.

"घाबरले नाही रे," ती म्हणाली. "हनीना आहे ती. पन्नास वर्षांनी आवाज ऐकला. ओ द्यायची नाही म्हणजे... फार कठीण आहे रे."

तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आतापर्यंत वाटत होतं, त्या तिला न्यायला आल्यात आणि तिला जायचं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक आली. तिसऱ्या दिवशी दोघींचे आवाज. आठवड्याभरात तिघीही यायला लागल्या. वेळ तीच. चार-सव्वाचारला सुरू, ऊन उतरलं की बंद. कधी थट्टा करायच्या, "हिला म्हातारपणी जिना उतरता येत नाही वाटतं!" कधी जुनं भांडण काढायच्या, कुणीतरी कधीतरी न सांगता नेलेल्या चाळणीचं. मावशी हात तोंडावर दाबून बसायची आणि हसण्याने तिचे खांदे हलायचे.

शेजारच्या फ्लॅटवाल्यांना काहीच ऐकू यायचं नाही. फक्त पायऱ्या ओल्या कोण करतं, ह्यावरून ते माझ्याशी भांडायचे.

आता गेल्या महिन्यातला गुरुवार.

गट लवकर संपला. मी साडेचारला घरी आलो. दुसऱ्या मजल्यावर पोचलो आणि थांबलो. घरातून मावशीचा आवाज येत होता.

ती बोलत होती.

"थांबा गं जरा... असं कसं निघू? पोरगा घरी यायचाय अजून. त्याचं तोंड बघते, मग येतेच."

तीन तीन पायऱ्या चढून वर गेलो आणि दार ढकललं.

मावशी दाराजवळ खुर्चीत बसली होती. डोक्याला सणाचा रेशमी रुमाल बांधला होता. पायात बाहेर जायचे बूट होते, बंद नीट बांधलेले. तिला वाकता येत नाही हो. वर्षभर तिचे मोजे मी घालतोय.

"आलास?" ती म्हणाली. किती आनंद झाला होता तिला. तिने माझी हनुवटी धरली, मी लहान असताना धरायची तशी. "जेवलास का?"

"मावशी, कुठे निघालीस?"

"दिसलास. बास झालं," ती म्हणाली. आणि उठून माझ्या अंगावरून दाराकडे चालायला लागली. काठीशिवाय.

मी दार लावून घेतलं. तिला मिठीत घट्ट धरलं. तिचं अंग बर्फासारखं गार होतं आणि छातीतले ठोके... मला सापडतच नव्हते. दारापलीकडे हाक नव्हती आता. फक्त घळघळ आवाज. फटीतून पाणी आत आलं, माझे गुडघे भिजले. डांबराच्या वासाने डोकं गरगरलं. मी तिला नव्या नावाने हाका मारत राहिलो. हाया, हाया, हाया. खिडकीतलं ऊन जाईपर्यंत.

मग तिने एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "सोड रे, हाड मोडशील."

डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे. थोडं हृदय दमलंय.

त्या रात्री मी झोपलो नाही. एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. पोरगा घरी यायचाय अजून.

तो यायचा आहे, तोवर ती निघणार नाही.

पन्नास वर्षांपूर्वी ती ज्या कारणाने थांबली, त्याच कारणाने आता थांबलीय. आणि मी घरात पाऊल टाकलं की ते कारण संपतं.

म्हणून मी आता दुपारी घरी जात नाही.

दुपारचे गट बंद केलेत. रोज पावणेचारला मी दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर येऊन बसतो. वर जात नाही, खाली उतरत नाही. ऊन उतरलं की मगच दार उघडतो. हे बरोबर की चूक, मला माहीत नाही. कधी वाटतं, मी तिला वाचवतोय. कधी वाटतं, एका म्हातारीला तिच्या मैत्रिणींकडे जाऊ देत नाहीये. दोन्ही खरं असेल.

हे मी आत्ता त्याच पायरीवर बसून लिहितोय. चार वाजून वीस मिनिटं झालीत. माझ्या बाजूने पाणी एकेक पायरी खाली उतरतंय. वर तिघी हसतायत.

आणि आतून मावशी विचारतेय...

"मेसोद? आलास का रे बाळा?"

मी डावा हात तोंडावर घट्ट दाबून धरलाय.